ब्रह्मचाऱ्याची वेणी

दुभाष्याला स्वतःचं मत नसतं, स्वतःचा राग-लोभ नसतो, बोलत असेपर्यंत स्वतःचा देहसुद्धा नसतो. तो दोन समाजांना जोडणारा केवळ एक पूल असतो. दुभाष्यांच्या नव्या बॅचला पहिल्याच तासाला मी हे वाक्य देतो आणि मुलं ते मान खाली घालून उतरवून घेतात. पुलावरून बाकीचे पलीकडे जातात आणि पूल तिथंच राहतो, हे त्यांना नोकरी लागल्यावर कळतं.

मला ते कळलं त्या दिवशी माझ्या डोक्याला वेणी होती.

"मान हलवू नकोस," हलमोनी कोरियनमध्ये म्हणाल्या आणि माझं डोकं त्यांनी नारळ पारखावा तसं दोन्ही हातांत धरून सरळ केलं.

हलमोनी म्हणजे आजी. पण कारखान्यात सगळ्यांना ते त्यांचं नाव वाटे, त्यामुळे त्या 'हलमोनी मॅडम' होत्या. आमचे प्लांटप्रमुख हान साहेब यांच्या त्या आई. रांजणगावच्या पुढे माळावर आमचा कारखाना होता, वॉशिंग मशीनच्या मोटारी करणारा. मी तिथला दुभाष्या, अरविंद टिपणीस. तरुणपणी जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून शेजारच्या खोलीत शिरलो, ती कोरियनची निघाली. मग आयुष्यभर तीच खोली पुरली.

वार्षिक स्नेहसंमेलनात कोरियन संस्कृतीचा एक कार्यक्रम हवा, असं हान साहेबांच्या मनात आलं. त्यांची आई नोव्हेंबरपासून खराडीच्या फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर बसून होती आणि लिफ्टमनखेरीज कोणाशी बोलत नव्हती. लिफ्टमनशीसुद्धा ती कोरियनच बोलायची. तेव्हा आईने कोरियातल्या जुन्या केशरचना करून दाखवाव्यात, असं ठरलं. वेणीला बांधायच्या रिबिनीला कोरियनमध्ये डेंगी म्हणतात. आमचे एचआरचे कुलथे यांनी मला न विचारता नोटीस लावली : 'शनिवारी सकाळी डेंगीचे प्रात्यक्षिक. सर्वांनी उपस्थित राहावे.' शनिवारी निम्मा शॉप फ्लोअर पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून आला होता.

प्रात्यक्षिकासाठी एक पुरुषही हवा होता. जुन्या कोरियात पुरुषांनाही वेणी असे. लग्न झालं की ती सोडून डोक्यावर केसांची गाठ बांधत आणि मग तो माणूस मोठा झाला असं धरत. बारा वर्षांचं पोर बोहल्यावर चढलं तर ते मोठं. आणि चाळिशीतला माणूस बिनलग्नाचा राहिला तर तो पाठीवर वेणी घेऊन हिंडे आणि गावातल्या कोणीही त्याला अरे-तुरे करावं.

"अविवाहित पुरुष पाहिजे, असं म्हणतायत," मी कुलथ्यांना सांगितलं.

"मग शोधताय काय? तुम्ही आहात की. बारमाही."

"इंजिनिअर पोरं आहेत दहा-बारा."

मी हे हलमोनींना सांगितलं. त्यांनी हात झटकला. वीस वर्षांच्या पोराला वेणी घातली तर त्यात बघण्यासारखं काय? पिकलेला पाहिजे, म्हणजे लोकांना वेणीचा अर्थ कळेल. दुभाष्याने काही गाळायचं नसतं. मी तेही कुलथ्यांना जसंच्या तसं सांगितलं.

"बाई हुशार आहे," कुलथे म्हणाले. "पण टिपणीस, तुमच्या डोक्यावर वेणी म्हणजे ओसाड माळावर पाइपलाइन हो."

त्यावर उपाय होता. हलमोनींनी माझ्या डोक्यावर काळ्या कापडाचं टोपडं चढवलं आणि त्याच्या आतून नायलॉनची वेणी मागे सोडली, पार कमरेपर्यंत. शेवटी काळी रिबीन. पोरींना लाल, पोरांना काळी. रिबिनीचं टोक पाकोळीच्या शेपटीसारखं दुभंगलेलं. टोपडं डोक्यावर बसलं त्या क्षणापासून हलमोनी मला 'तू' म्हणायला लागल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत मी 'टिपणीस-शी', म्हणजे टिपणीसराव, होतो.

"तिथं बस आणि मध्येमध्ये करू नकोस," त्या म्हणाल्या. "आता मुलीला बोलव."

ट्रेनिंग रूमच्या दारातून खोत मॅडम आत आल्या.

यामिनी खोत आमच्या स्टोअर्समध्ये होत्या. त्यांना येऊन तीन वर्षं झाली होती. अडतिशीच्या असतील. केस मात्र असे, की स्टोअर्सच्या अरुंद कपाटांमधून त्या गेल्या की शेपटा मागून दोन सेकंदांनी यायचा. गळ्यात काही नसे, कपाळाला बारीक टिकली असे. डबा एका माणसाचा असे. एवढ्या पुराव्यावर सबंध ऑफिसने त्यांना कुमारिका ठरवलं होतं. ऑफिसने म्हणजे त्यात मीही आलो.

डब्याचं मला माहीत असायचं कारण असं, की आमच्याकडे दोन कँटीन होती, एक कोरियन आणि एक आपलं. मला दोन्हीकडे मुभा होती. मी आपल्यात बसलो की लोक कोरियनांविषयी बोलायचे थांबत, आणि तिकडे बसलो की ते आपल्या लोकांविषयी बोलायचे थांबत. म्हणून मी दोन्हींच्या मधल्या पॅसेजमध्ये, पाण्याच्या मशीनजवळच्या टेबलावर बसायला लागलो. खोत मॅडमना ट्यूबलाइटखाली डोकं दुखायचं म्हणून त्याही तिथंच बसत. तीन वर्षं आम्ही समोरासमोर जेवलो. "आज दोडका वाटतं," असं मी म्हणे. "हो, दोडका," असं त्या म्हणत. मला विचारायचं दुसरंच काही असे. पण माणूस दिवसभर इतरांची वाक्यं बोलला, की एकच्या सुट्टीत त्याच्याकडे दोडकाच उरतो.

"अय्या," मला बघून त्या म्हणाल्या. "टिपणीस, तुम्ही?"

"नाही. हा अविवाहित पुरुष आहे. जुना कोरियन."

"छान दिसताय."

"वजन नाही तिला. नायलॉन आहे."

हलमोनींनी टेबलावर रिबिनी मांडल्या होत्या. गावाहून पेटीत घालून आणलेल्या. सोनेरी छापाच्या लाल, एक जांभळी, एक रुंद, नवरीची. त्यांनी खोत मॅडमचा शेपटा हातात घेतला आणि तोलला. मग मला म्हणाल्या, "विचार तिला. लग्न झालंय का?"

हा प्रश्न तीन वर्षं माझ्या घशात होता. मराठीत विचारायला कोणाची बंदी नव्हती. आता तो कोरियनमधून आला होता आणि विचारणं ही माझी ड्यूटी होती.

इथं धंद्यातला एक नियम सांगायला हवा. चांगला दुभाष्या 'ते म्हणतात' असं म्हणत नाही. तो थेट 'मी' म्हणतो, आणि तो 'मी' बोलणाऱ्याचा असतो. कोरियन क्रियापदाला बोलणारा पुरुष की बाई याच्याशी कर्तव्य नसतं, समोरचा वयाने मोठा की लहान एवढंच ते बघतं. मराठीचं उलट. म्हणून हान साहेबांचं बोलताना मी 'आलो' म्हणे आणि त्यांच्या आईचं बोलताना 'आले' म्हणे. शॉप फ्लोअरवर यावरून करमणूक चाले. कुलथे मला चहाला "येतेस का गं?" म्हणून बोलवत.

"मी विचारते आहे," मी हलमोनी होऊन म्हणालो, "तुमचं लग्न झालंय का?"

खोत मॅडम रिबिनींकडे बघत राहिल्या.

"का? झालं नसेल तर कुठली?"

"लाल. आणि वेणी."

"झालं असेल तर?"

मी हलमोनींना विचारलं. "वर आंबाडा," मी सांगितलं. "त्यात ही चांदीची सळई. रिबीन लाल, वय वाढलं की जांभळी."

"आणि झालं होतं, असं असेल तर?"

मराठीतला एवढासा 'होतं'. कोरियनमध्ये तो नेताना मला अडखळायला झालं. हलमोनींनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्यांनी बोट केलं, माझ्या वेणीकडे.

"काळी," मी म्हणालो.

"मग ती द्या."

नवरा गेलेल्या बाईलाही काळीच. काळी रिबीन पेटीत एकच होती, आणि ती माझ्या टोकाला होती. हलमोनींनी ती सोडली. वेणी उसवू नये म्हणून माझ्या टोकाला त्यांनी हाताला आली ती रिबीन बांधली. ती लाल होती, पोरींची.

"किती दिवस झाले?" हे माझं होतं. पण खोत मॅडमनी उत्तर हलमोनींकडे वळून दिलं.

"नऊ वर्षं. अलिबागेला असताना." मग मला म्हणाल्या, "टिपणीस, ऑफिसात नका सांगू. कळलं की लोक माझ्याशी बारीक आवाजात बोलायला लागतात. मागची नोकरी मी त्यासाठीच सोडली."

"मी काय सांगणार? माझं तोंड माझ्या मालकीचं नाही."

त्या हसल्या आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या. हलमोनी मागे उभ्या राहिल्या, तोंडात आकडे धरून. मी बाजूच्या खुर्चीत होतो. मला दोघी दिसत होत्या. खोत मॅडमना भिंत दिसत होती, आणि भिंतीवर सुरक्षेच्या सूचना होत्या.

केस हातात आले की हलमोनींना बोलायला सुचायचं. आकडे तसेच तोंडात ठेवून त्या बोलत, त्यामुळे अर्धं बोलणं आणि अर्धं गुणगुणणं होई. त्या सांगत गेल्या, मी मराठी करत गेलो. लहानपणी आईने वेणी घातली की डोळे वर ओढले जात, इतकी घट्ट. गावात एक थोराड ब्रह्मचारी होता, वेणी पांढरी झालेला. त्याला मुलं दगड मारत.

"तुम्हीपण?" खोत मॅडमनी भिंतीला विचारलं.

"मीपण मारले," मी म्हणालो. "माझा नेम चांगला होता."

"मग त्याचं काय झालं?"

"माझ्या आजीच्या काळी असल्या माणसाला एक रस्ता असायचा. गावात कोणी विधवा असेल, तर तो अंधारात पोतं घेऊन जायचा. तिला पोत्यात घालायचा आणि खांद्यावर टाकून घरी आणायचा. सकाळी त्याच्या डोक्यावर गाठ. गाव काही बोलत नसे. दोघांची सोय."

खोत मॅडमचे खांदे हलले. हलमोनींनी त्यांच्या डोक्यावर हलकी टपली मारली.

"आणि त्या बाईला कोणी विचारत नसे?"

मी विचारलं. हलमोनी म्हणाल्या, विचारायचं असतं तर पोतं कशाला लागलं असतं?

हे ऐकून खोत मॅडम इतक्या हसल्या, की आंबाडा सुटला आणि हलमोनींना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. बाहेर कुलथे माइक तपासत होते, "हॅलो, एक, दोन, डेंगी." हलमोनी पेड उलगडत काहीतरी गुणगुणत होत्या. त्याला अर्थ नव्हता, नुसती चाल होती. खोत मॅडमची मान उघडी होती. आणि मला वाटलं, इथं बाईला विचारायची रीत आहे आणि माझ्याजवळ पोतं नाही, तेव्हा विचारावं.

मी बोललो. आवाज बरा लागला.

"तुम्ही असलात की मला या जागेत बरं वाटतं. एकटं जेवून जेवून मी फार कंटाळले आहे. रविवारी माझ्या घरी जेवायला याल?"

कंटाळलो आहे, असं म्हणायचं होतं. सकाळपासून जिभेला बाईचं क्रियापद लागलेलं. 'लो' आणि 'ले' यांत एका कान्याचा फरक असतो. तो काना माझ्या तोंडातून निघायचा राहिला. वाक्य संपल्यावर माझ्या कानांनी ते ऐकलं.



मग खोत मॅडमनी हात मागे नेला, चाचपडत हलमोनींचं मनगट शोधलं आणि धरलं.

"त्यांना सांगा, नक्की येईन," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "सांगा, मलाही एकटं जेवून कंटाळा आलाय. मला इतकी वर्षं कोणी बोलावलंच नाही हो, टिपणीस."

हलमोनींनी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय म्हणते?"

आता खरं बोलायचं, तर दोन भाषांत बोलावं लागणार होतं आणि मध्ये दुभाष्या लागणार होता.

"म्हणते, रविवारी तुमच्याकडे जेवायला आलं तर चालेल का."

हलमोनींच्या तोंडातला आकडा खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. नोव्हेंबरपासून त्यांच्या दारात पाण्याचे जार घेऊन येणाऱ्याशिवाय कोणी आलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "विचार, तिला तिखट चालतं का."

"तिखट चालतं का?" मी विचारलं.

"कोकणातली आहे, म्हणावं."

कार्यक्रम छान झाला, असं नंतर सगळे म्हणाले. रीत दाखवायची म्हणून वेणीवाल्या पोराने आंबाडेवाल्या बाईपुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं होतं. मी लावलं. खोत मॅडम काळ्या रिबिनीत उभ्या होत्या, ताठ. त्या रिबिनीचा अर्थ त्या मांडवात आम्हा तिघांना आणि पहिल्या रांगेतल्या पाच कोरियनांना कळत होता. मी वाकलो तेव्हा वेणी पुढे पडली आणि टोकाची लाल रिबीन सगळ्यांना दिसली. पाच कोरियन इतके हसले, की हान साहेबांना उठून बाहेर जावं लागलं. बाकीच्या सहाशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रात्यक्षिक संपलं.

रविवारी आम्ही तिघं खराडीत जेवलो. मी जाणं भाग होतं, नाहीतर त्या दोघी बोलणार कशा? हान साहेब रविवारी गोल्फला जात. खोत मॅडमनी मोड आलेले वाल आणले होते. जेवणाआधी दोघी जमिनीवर बसून वाल सोलत राहिल्या. वाल सोलायला दुभाष्या लागत नाही, म्हणून मी गॅलरीत उभा राहून स्विमिंग पूल बघितला.

मग पुढचा रविवार, मग त्याच्या पुढचा. मी दोघींच्या मध्ये बसे आणि दोघींचे 'मी' बोले. मी अलिबागची होते, मी आंदोंगजवळच्या खेड्यातली होते. माझा नवरा मोटरसायकलवरून गेला, माझा झोपेत गेला. दोन्ही वेळा मीच 'माझा नवरा' म्हणत होतो. जेवताना हलमोनी मला एक लोणचं वाढत. बोटाएवढा मुळा, लांब पाल्यासकट, तिखटात घातलेला. पाला वेणीसारखा लोंबतो म्हणून त्याला कोरियनमध्ये छोंगाक किमची म्हणतात. छोंगाक म्हणजे बिनलग्नाचा पुरुष.

"काय म्हणतात याला?" खोत मॅडमनी विचारलं.

"ब्रह्मचाऱ्याचं लोणचं."

"मग तुमचंच की. घ्या अजून."

मार्चमध्ये एकदा जिना उतरताना त्या थांबल्या. त्या दिवशी लिफ्ट बंद होती.

"टिपणीस, मला कोरियन शिकवाल का? थोडंसं."

"शिकवतो की. कशाला पण?"

"दर रविवारी तुम्हाला खेचून आणायचं, बरं वाटत नाही. मला यायला लागलं, की तुमचा रविवार तरी मोकळा होईल."

मी शिकवलं. पाण्याच्या मशीनजवळ, एकच्या सुट्टीत. मी चांगला शिक्षक आहे, आणि त्यांचं डोकं त्याहून चांगलं निघालं. पावसाळा संपेपर्यंत त्यांना पुरेसं यायला लागलं, आणि माझा रविवार मोकळा झाला. मी त्या वेळात पंख्याची पाती पुसायला लागलो.

दिवाळीनंतर हलमोनी गावी परत गेल्या. जायच्या आधीच्या आठवड्यात खोत मॅडम डबा उघडून तशाच बसून राहिल्या.

"काल त्यांच्याशी बोलत होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, त्या दिवशी तुम्ही मला जेवायला बोलावलंत, फार बरं वाटलं. तर त्या म्हणाल्या, मी कुठं बोलावलं? तूच येते म्हणालीस."

पाण्याच्या मशीनने बुडबुडा सोडला.

"मग बोलावलं कोणी, टिपणीस?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मध्ये भिंत नव्हती, तिसरं माणूस नव्हतं, दोघांची भाषा एक होती. कान्यासकट सगळी क्रियापदं हाताशी होती.

"वय झालंय त्यांचं," मी म्हणालो. "विसरत असतील."

मग त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

"आज दोडका वाटतं," मी म्हणालो.

"नाही," त्या म्हणाल्या. "पडवळ."

पुढच्या वर्षी त्यांना चेन्नईजवळच्या एका कोरियन कारखान्यात स्टोअर्सची मोठी जागा मिळाली. भाषा येत असल्यामुळे मिळाली. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दर डिसेंबरात तिकडून माझ्या पत्त्यावर कुरिअरने बरणी येते. आत पाल्यासकट मुळे असतात, आणि झाकणावरच्या पट्टीवर कोरियन लिपीत एकच शब्द असतो, छोंगाक. अक्षराचं वळण माझ्यासारखं आहे.

मुळा मला सोसत नाही. पित्त होतं.